संगीताचं सॉफ्टवेअर वापरताना आणि लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाणारे, वाजवणारे, भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग घरीच करणारे आणि आवाजावर प्रोग्रामिंग करू पाहणारे विद्यार्थी, अशा सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात अगदी प्राथमिक प्रश्नांनी आहे, पुढे प्लगइन (मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचा छोटा प्रोग्राम) लिहिण्यापर्यंत जायचं आहे. बाजारातलं जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर उघडताना तीन गोष्टी गृहीत धरतं: चार मात्रांचं चक्र, सप्तकाचे बारा सारखे भाग आणि ४४० हर्ट्झचा (सेकंदाला ४४० कंपनांचा) ‘ए’ हा पाश्चात्त्य स्वर. आपल्या गाण्याला यातलं काहीच बंधनकारक नाही. ही गृहीतकं कुठे दडलेली असतात आणि ती कशी बदलायची, याच्याभोवती बरीचशी उत्तरं फिरतात.

१. मी अगदीच नवीन आहे. कोणत्या सॉफ्टवेअरने सुरुवात करू?

एकट्याचं गाणं किंवा भाषण मुद्रित करून कापाकापी करायची असेल तर ऑडॅसिटी. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालेला हा प्रकल्प २००० सालापासून लोकांच्या हातात आहे, मोफत आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतो. गायन, तबला, हार्मोनियम वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचं असेल तर डीएडब्ल्यू लागेल, म्हणजे अनेक ट्रॅक मुद्रित करणारं आणि त्यांचं मिश्रण करणारं सॉफ्टवेअर. मॅक असेल तर गॅरेजबँड आधीच हाताशी आहे. लिनक्सवर आर्डर उत्तम. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालणारं रीपर ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येतं, मग परवाना घ्यायचा.

माझा कल रीपरकडे आहे आणि त्याचं कारण प्रश्न १२ मध्ये आहे. पण सहा महिने एकाच सॉफ्टवेअरवर राहा. दर महिन्याला नवं उतरवून घेणाऱ्यांची गाणी पूर्ण होत नाहीत.

२. फोनवर चालेल का? की माइक आणि इंटरफेस घ्यावाच लागेल?

रियाजासाठी, चाल टिपून ठेवण्यासाठी फोन पुरेसा आहे. लोकांना ऐकवण्यासाठी मुद्रण करायचं असेल तर दोन इनपुटचा साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी), एक कंडेन्सर माइक आणि बंद प्रकारचा वायरचा हेडफोन एवढं घ्या. पैसे कमी असतील तर आधी खोलीकडे लक्ष द्या. जाड पडदे, गाद्या, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट यांनी घुमणं जेवढं कमी होतं, तेवढं महागड्या माइकने होत नाही. लाद्या आणि उघड्या भिंतींच्या खोलीत चांगला माइक ती घुमणारी खोलीच जास्त स्पष्ट टिपतो.

३. ४४.१ की ४८ किलोहर्ट्झ? १६ बिट की २४?

मुद्रण २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर करा आणि हा प्रश्न डोक्यातून काढून टाका.

कारण हवं असेल तर असं. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं. कोणतीही कंपनसंख्या नोंदवायची तर सेकंदाला तिच्या दुपटीहून जास्त नमुने, म्हणजे सॅम्पल, घ्यावे लागतात. सीडीसाठी ४४,१०० ठरले, चित्रफितीच्या जगात ४८,००० रूढ झाले. आज बहुतेक काम शेवटी व्हिडिओत जातं, म्हणून ४८. बिट वाढले की शांत आणि मोठ्या आवाजातलं अंतर जास्त मावतं: १६ बिटमध्ये सुमारे ९६ डेसिबल, २४ मध्ये हिशेबाने १४४. याचा खरा फायदा असा की पातळी कमी ठेवून मुद्रण करता येतं. आलापात हळू गाणारा गायक तानेला अचानक मोकळा आवाज लावतो, तेव्हा पातळी आधीच वर ठेवलेली असेल तर आवाज फाटतो आणि तो दुरुस्त होत नाही. सर्वात मोठ्या तानेला मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं ठेवा.

दोन चॅनलच्या २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ वेव्ह फाइलला मिनिटाला साधारण १७ एमबी लागतात.

४. गाताना हेडफोनमध्ये माझाच आवाज उशिरा येतो. काय करू?

संगणक आवाज एकेका सॅम्पलने न घेता गठ्ठ्यांनी घेतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे २१ मिलिसेकंद. आत येताना एक गठ्ठा, बाहेर जाताना एक, शिवाय इंटरफेस आणि ड्रायव्हरचा (तो चालवणाऱ्या प्रोग्रामचा) थोडा वेळ. एवढा उशीर गळ्याला जाणवतो आणि गाणारा नकळत लय ओढतो.

मुद्रण करताना बफर १२८ वर आणा (२.७ मिलिसेकंद). मिश्रणाच्या वेळी परत १०२४ करा, कारण तेव्हा उशिराने काही बिघडत नाही आणि संगणकाला श्वास मिळतो. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर बसवा. घोटाळा बहुतेक वेळा तिथेच असतो. मॅकवर कोअर ऑडिओ आपोआप काम करतो, लिनक्सवर जॅक किंवा पाइपवायर. इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ बटण असेल तर ते दाबा आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा. मग आवाज संगणकात न शिरता थेट कानात येतो.

५. ब्लूटूथ इअरबड चालतील?

ऐकायला चालतील. मुद्रणाला नाही. त्यांचा उशीर सहज १०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो आणि प्रश्न ४ मधल्या कोणत्याही सेटिंगने तो कमी होत नाही.

६. मुद्रणात सतत गुणगुण ऐकू येते. ती सॉफ्टवेअरने काढता येईल का?

आधी ती कशाची आहे ते ओळखा. सॉफ्टवेअरमधलं स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या कंपनसंख्येला किती आवाज आहे याचा आलेख, पाहा. ५० हर्ट्झला आणि त्याच्या पटींत, म्हणजे १००, १५०, २०० ला उभ्या रेषा दिसल्या तर तो घरच्या विजेचा आवाज आहे. अर्थिंग नसलेला सॉकेट, लॅपटॉपचा चार्जर किंवा इन्व्हर्टर हे नेहमीचे संशयित. चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून बघा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. पंख्याचा आवाज मात्र रुंद पट्ट्यात पसरलेला असतो. नॉइज रिडक्शनने तो जातो, पण बरोबर तानपुऱ्याचा वरचा झणकारही जातो, कारण सॉफ्टवेअरला दोन्ही सारखेच सतत चालणारे आवाज वाटतात. पंखा बंद करून गा. तानपुरा वेगळ्या ट्रॅकवर ठेवा.

७. माझी पट्टी काळी एक आहे, पण घराण्याच्या जुन्या तानपुऱ्याचा सा जरा खाली लागतो. सॉफ्टवेअर मला ‘बेसूर’ दाखवतं. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. सॉफ्टवेअरचा ट्यूनर तुमच्या स्वराची तुलना ४४० हर्ट्झच्या ‘ए’वरून काढलेल्या बारा समान पायऱ्यांशी करतो. त्या मापाने पुरुषांची काळी एक १३८.५९ हर्ट्झला येते. तुमचा सा १३७ ला असेल तर तो १३७ ला आहे, एवढंच. बहुतेक ट्यूनर आणि सिंथेसायझरमध्ये (स्वर तयार करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वाद्यात, थोडक्यात सिंथ) ‘रेफरन्स’ नावाचा आकडा बदलता येतो. सा १३७ ला हवा असेल तर ४४० ला १३७ ने गुणून १३८.५९ ने भागा. उत्तर येतं जवळपास ४३५. तो आकडा भरा.

हे झालं सा बद्दल. इतर स्वरांचा प्रश्न याहून खोल आहे. समान विभागणीत शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर असतो (सेंट म्हणजे सप्तकाचा १२०० वा भाग). तानपुऱ्याशी जुळणारा गंधार ५:४ या प्रमाणात, ३८६ सेंटवर. काळी एकच्या सा ला एक १७४.६१ हर्ट्झ आणि दुसरा १७३.२४. फरक सव्वा हर्ट्झहून थोडा जास्त, पण तानपुऱ्याच्या खर्जाच्या (सर्वात खालच्या सा च्या) तारेतून उमटणाऱ्या गंधारासमोर तो कानाला खुपतो. पंचमात फरक नगण्य आहे: ७०० आणि ७०२. म्हणून तयार की-बोर्डवर सा-प सुरेल वाटतात आणि यमन आळवायला घेतला की काहीतरी घसरल्यासारखं वाटतं.

उपाय: स्वरांतरं लिहिलेली स्काला फाइल वाचणारा सिंथ घ्या. सर्ज एक्सटी मोफत आहे, मुक्तस्रोत आहे आणि हे काम नीट करतो. स्काला फाइल हा साधा मजकूर असतो: वर्णन, स्वरांची संख्या, मग प्रत्येक ओळीत ९/८, ५/४ असं गुणोत्तर. रागाप्रमाणे फाइल बदलायची. विद्याधर ओक यांच्या २२ श्रुतींच्या हार्मोनियमने जो प्रश्न लाकूड आणि पितळेत हाताळला, तोच इथे दहा-बारा ओळींच्या फाइलमध्ये हाताळता येतो.

८. डीएडब्ल्यूमध्ये झपताल, रूपक, विलंबित एकताल कसा मांडू?

तीनताल सोपा: चार-चार मात्रांचे चार बार (पडद्यावरचे गट), समेवर मार्कर. रूपकाला एका बारमध्ये ७ मात्रा, झपतालाला १० ठेवा. डीएडब्ल्यू बारच्या पहिल्या मात्रेवरच जोर देतं. झपतालाचे २-३-२-३ हे विभाग त्याला माहीत नसतात. रूपकाची तर सम ‘खाली’वरच, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवरच असते, ते त्याला कळण्याचा प्रश्नच नाही. म्हणून क्लिक (मात्रा मोजून देणारा टकटक आवाज) बंद करून त्या जागी ठेक्याचा एक आवर्तनाचा ऑडिओ ठेवणं चांगलं. धमाराला (५-२-३-४) दुसरा मार्गच नाही.

खरी अडचण विलंबितात येते. एक मात्रा चार सेकंदांची असेल तर टेम्पो मिनिटाला १५ येतो आणि काही डीएडब्ल्यू तेवढं खाली उतरतच नाहीत. एबल्टन लाइव्ह २० ला थांबतं. अशा वेळी टेम्पो ६० ठेवा आणि एका मात्रेचे चार ठोके धरा. एकतालाचं आवर्तन मग ४८ ठोक्यांचं होतं. तबलजी मनात मात्रेचे चार भाग करतोच, तेच इथे पडद्यावर दिसतं.

९. क्लिक लावूनच गावं का?

भावगीत, जाहिरात, चित्रपटगीत, जिथे नंतर बाकीचे वादक वेगळे येऊन वाजवणार, तिथे हो. ख्यालात नाही. विलंबित खयालाची लय बढतीबरोबर हळूहळू वाढते आणि ती वाढ दोषात मोडत नाही. तबला आणि गायन एकाच वेळी मुद्रित करा. नंतर बार हवेच असतील तर प्रत्येक समेवर टेम्पो मार्कर ठेवून जाळी गाण्यावर बसवा. गाणं ओढून जाळीत बसवू नका.

१०. ऑटोट्यून रागसंगीतावर का बिघडतं?

ऑटोट्यून १९९७ मध्ये आलं. त्याचे निर्माते अँडी हिल्डेब्रँड आधी तेलशोधासाठी भूकंपलहरींच्या संकेतांवर काम करत. तिथलं गणित त्यांनी गळ्याच्या स्वराचा आवर्तकाल शोधायला वापरलं. मोजणीचा हा भाग मीडेवरही (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाण्यावरही) उत्तम चालतो. बिघाड पुढच्या पायरीत आहे: मोजलेला स्वर ‘जवळच्या’ पायरीवर ढकलणे. दरबारीतला आंदोलित गंधार कोणत्याच पायरीवर उभा नसतो. सॉफ्टवेअर त्याला धरून एका जागी बसवतं आणि राग संपतो.

गाणं सुरेल आहे आणि एखादाच ठहराव किंचित खाली लागला आहे, अशा ठिकाणी हाताने, तेवढ्याच स्वराला उचला. मेलोडाइनसारख्या साधनात स्वराचा मध्य हलवता येतो आणि त्यातली वळणं तशीच ठेवता येतात. संपूर्ण ट्रॅकवर आपोआप चालणारी दुरुस्ती लावू नका. त्यापेक्षा ती ओळ परत गा.

११. मिडी की-बोर्डवर मीड निघेल का?

निघते, पण मूळ सेटिंगवर नाही. मिडी ही वाद्यं आणि संगणक यांच्यातली स्वरांची भाषा. १९८३ च्या मिडी मानकात स्वराला ० ते १२७ पैकी एक क्रमांक मिळतो. दोन क्रमांकांमधल्या जागेसाठी पिच बेंड आहे आणि त्याचा पल्ला बहुतेक वाद्यांत वर-खाली दोन अर्धस्वर एवढाच ठेवलेला असतो. सा ते प मीड घ्यायची तर सात लागतात. सिंथमध्ये पल्ला १२ करा. पिच बेंडला १६,३८४ पायऱ्या असतात, त्यामुळे एवढ्या मोठ्या पल्ल्यातही एक पायरी सेंटच्या सातव्या भागाएवढी पडते. कानाला ती सलगच वाटते.

मर्यादा अशी की पिच बेंड चॅनलवरच्या सगळ्या स्वरांना एकदम हलवतो. सतारीची चिकारी वाजत असताना फक्त बाजाच्या (मुख्य) तारेवर मीड हवी असेल तर एमपीई लागतं. त्यात प्रत्येक स्वराला स्वतःचा चॅनल मिळतो. हे २०१८ मध्ये अधिकृत झालं. वाद्य आणि सिंथ दोघांनाही ते कळायला हवं.

१२. मला स्वतः काही लिहायचं आहे. कोणती भाषा शिकू?

संगणकातून आवाज काढण्याची कल्पना जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्येच त्यासाठी प्रोग्राम लिहिला होता. त्या परंपरेतून आलेल्या साधनांची गर्दी आज गोंधळवते, म्हणून थेट सांगतो.

प्रोग्रामिंग येत नसेल तर प्युअर डेटा. पडद्यावर चौकटी मांडून तारांनी जोडायच्या, आवाज लगेच येतो. मिलर पकेट यांनी ते १९९० च्या दशकात केलं आणि ते मोफत आहे. प्रोग्रामिंग थोडं येतं आणि रचना करायची आहे, तर सुपरकोलायडर. गणित आवडतं आणि इफेक्ट बनवायचा आहे, तर फाउस्ट: फ्रान्सच्या लिआँमधल्या ग्राम या संस्थेत तयार झालेली ही भाषा थोडक्या ओळींत प्लगइन देते.

पण रीपर वापरत असाल तर आधी त्यातलं जेएसएफएक्स (इफेक्ट लिहिण्याची छोटी भाषा) उघडा. रीपरसोबत येणाऱ्या बऱ्याच इफेक्टचा कोड तिथेच दिसतो, बदलता येतो, जपून ठेवला की पुढच्या क्षणी बदललेला आवाज ऐकू येतो. कंपायलर (कोडचा चालता प्रोग्राम करणारं साधन) बसवण्यात रविवार जात नाही. आवाज म्हणजे एकामागून एक येणारे आकडे, ही गोष्ट इथे हाताला कळते. सी++ भाषा आणि तिच्यातली ज्यूस ही तयार चौकट यांच्याकडे नंतर जा, इतरांना देण्याजोगं प्लगइन बनवायचं ठरलं की.

१३. स्वतःचा तानपुरा लिहायचा आहे. कुठून सुरू करू?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांब आहे.

१९८३ मध्ये केव्हिन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी छेडलेल्या तारेची एक विलक्षण साधी रीत प्रसिद्ध केली. एक रांग घ्या, तिच्यात यादृच्छिक आकडे भरा (ही छेड). रांगेतून पहिला आकडा बाहेर काढून ऐकवा, त्याची आणि पुढच्याची सरासरी काढून ती रांगेच्या शेवटी ठेवा. हेच करत राहा. सरासरीमुळे वरचे उपस्वर (मूळ स्वराच्या पटींतले स्वर) आधी विरतात, मूळ स्वर मागे राहतो, अगदी तारेसारखा.

रांगेची लांबी स्वर ठरवते. ४८,००० भागिले १३८.५९ म्हणजे ३४६.३४. सरासरी काढण्यात अर्ध्या सॅम्पलचा उशीर जातो, तो वजा करा: ३४५.८४. रांगेत अपूर्णांकाएवढी जागा नसते आणि पहिली चूक इथे होते. या सा ला पूर्णांक घेतला तर सेंट-दोन सेंटचा फरक पडतो. दोन सप्तकं वर, ५५४.३७ हर्ट्झला एकूण ८६.५८ सॅम्पल हवे असताना ८७ झाले तर स्वर आठ सेंटहून जास्त उतरतो. उरलेला अपूर्णांक ऑलपास फिल्टरने (स्वरांचं बळ तसंच ठेवून फक्त उशीर करणाऱ्या गाळणीने) भरून काढा. ती पायरी टाळू नका. तानपुराच बेसूर असेल तर त्यावर रियाज करणाऱ्याचा कान बिघडतो.

आता आवाज तारेचा येईल, तानपुऱ्याचा नाही. उणीव जवारीची. साध्या पुलावर तार एका बिंदूवर टेकते. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित वक्र असतो, तार हलताना त्यावर टेकत-सुटत राहते आणि खाली सरकवलेला सुताचा दोरा ते टेकणं नेमकं करतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच दाखवलं होतं की तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांचा निस्पंद (न हलणारा बिंदू) आहे ते उमटू नयेत हा नियम तानपुरा पाळत नाही. वक्र घोडी खालच्या उपस्वरांची ऊर्जा सतत वरच्यांकडे ढकलत असते. आपल्या रांगेला हे माहीत नाही, म्हणून तिच्यात उपस्वर फक्त विरतात, नव्याने फुलत नाहीत.

सुरुवातीचा उपाय: रांगेची लांबी तारेच्या त्या क्षणाच्या विस्थापनानुसार एका सॅम्पलच्या अंशाने कमी-जास्त करा, तीही एकाच बाजूच्या विस्थापनाला. तार घोडीकडे झुकली की तिची मोकळी लांबी बदलते, त्याचीच ही नक्कल. प्रमाण जास्त झालं तर स्वर वर सरकतो आणि आवाज फाटतो, म्हणून अगदी थोड्यापासून वाढवत न्या. जवारी लागली की नाही हे आलेखावर न पाहता कानाने ठरवा: खर्जाच्या तारेतून, छेडल्यानंतर थोड्या वेळाने, गंधार स्वतंत्र ऐकू आला पाहिजे. तो पाचवा उपस्वर, प्रश्न ७ मधला ५:४ चा गंधार.

चार तारा मांडा: प, सा, सा, खर्ज. मालकंसासाठी पहिली तार मध्यमात. जोडीच्या तारा सेंटच्या अंशाने वेगळ्या ठेवा आणि छेडण्याच्या वेळा घड्याळासारख्या ठेवू नका. शक्य असेल तर मिरजेला जाऊन जवारी काढणाऱ्या कारागिराचं काम पाहा. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच हातांना आहे. तुमच्या प्रोग्राममधला एकेक आकडा म्हणजे त्यांच्या कानशीची एकेक फिरत.

१४. माझं प्लगइन मधूनमधून ‘टकटक’ करतं. कोड तर बरोबर आहे.

कोड बरोबर असेल, वेळेत होत नसेल. २५६ सॅम्पलच्या बफरला ४८ किलोहर्ट्झवर ५.३ मिलिसेकंद मिळतात. एकदाही उशीर झाला की खंड पडतो आणि तो टक् असा ऐकू येतो. सरासरी वेग इथे कामाचा नाही, सर्वात वाईट वेळ मोजायची. म्हणून आवाज तयार करणाऱ्या फंक्शनमध्ये नवी मेमरी मागायची नाही, फाइल वाचायची नाही, लॉकसाठी थांबायचं नाही, पडद्यावर काही छापायचं नाही. या सगळ्याला लागणारा वेळ ऑपरेटिंग सिस्टिमच्या मर्जीवर असतो. लागेल ती मेमरी आधीच घेऊन ठेवा.

हा नियम पाळूनही त्रास होत असेल तर दोन शक्यता. बटण फिरवतानाच टकटक होत असेल तर किंमत एकदम उडी मारते आहे, ती काही मिलिसेकंदांत हळूहळू न्या. गाणं थांबल्यावर, शांततेत प्रोसेसरवरचा भार वाढत असेल तर विरत जाणारे आकडे इतके सूक्ष्म होतात की काही प्रोसेसर त्यांच्यावर फार हळू काम करतात. अशा आकड्यांना सरळ शून्य धरण्याची सोय प्रोसेसरमध्ये असते, ती चालू करा. तानपुरा आणि रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट) लिहिणाऱ्यांना हा दोष हमखास भेटतो.

१५. व्हीएसटी, एयू, क्लॅप, एलव्ही२: कोणता प्रकार निवडू?

प्लगइनच्या या प्रकारांत व्हीएसटी३ सर्वात जास्त ठिकाणी चालतो. ॲपलच्या लॉजिक आणि गॅरेजबँडसाठी एयू अनिवार्य. क्लॅप २०२२ मध्ये बिटविग आणि यू-ही या कंपन्यांनी आणला. प्रत्येक स्वर वेगळा वळवण्याची त्यातली सोय आपल्या कामाची आहे. एलव्ही२ मुख्यतः लिनक्सवर. जुन्या व्हीएसटी२ च्या मागे लागू नका, व्हीएसटी काढणाऱ्या स्टाइनबर्ग कंपनीने २०१८ मध्येच नवे परवाने देणं बंद केलं. ज्यूससारख्या चौकटीत एकाच कोडमधून यातले बरेच प्रकार तयार होतात.

१६. मुक्तस्रोत कोड वापरून बनवलेलं प्लगइन विकता येईल का?

परवान्यावर अवलंबून आहे. एमआयटी परवान्याचा कोड (क्लॅप त्यात आहे) विकाऊ, बंद प्लगइनमध्ये घेता येतो, फक्त मूळ परवान्याची नोंद ठेवायची. जीपीएल कोड घेतला तर तुमचं प्लगइनही त्याच परवान्याखाली, स्रोतासह द्यावं लागतं. विकायला मनाई नसते, लपवायला असते. ज्यूस ८ एजीपीएल (जीपीएलचाच आणखी कडक प्रकार) किंवा व्यावसायिक अशा दोन परवान्यांखाली मिळतं. प्रकल्प सुरू करण्यापूर्वी हे ठरवा.

१७. फाइलला मराठी नाव दिलं की काही प्लगइन ती उघडत नाहीत. का?

विंडोजवर जुन्या पद्धतीने लिहिलेले प्रोग्राम फाइलचा मार्ग मर्यादित अक्षरसंचात वाचतात, तिथे देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. वापरणाऱ्यांनी तूर्त सॅम्पलच्या फोल्डरची नावं रोमनमध्ये ठेवावीत. खात्याचं नावच देवनागरीत असेल तर सॅम्पल वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा.

लिहिणाऱ्यांसाठी एक मराठीतली खास अडचण. ‘वाऱ्याचा’ मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, बाइट वेगळे असतात. मॅकची जुनी फाइलप्रणाली नावं दुसऱ्या प्रकारात साठवत असे. त्यामुळे प्रकल्पात नोंदलेलं नाव आणि डिस्कवरचं नाव जुळत नाही आणि ‘फाइल सापडली नाही’ येतं. तुलना करण्यापूर्वी दोन्ही नावांचं सामान्यीकरण करा, म्हणजे ती एकाच प्रकारात आणा.

१८. जुन्या मैफलीतून गायन आणि तबला वेगळे करता येतील का?

डीमक्ससारखी मुक्त साधनं हे करतात, पण ती गायन, ड्रम, बेस आणि ‘इतर’ अशा चार डब्यांत, मुख्यतः पाश्चात्त्य लोकप्रिय गाण्यांवर शिकलेली आहेत. बायाची (डग्ग्याची) घुमारेदार मीड ड्रम आणि बेसमध्ये वाटली जाऊ शकते, गायकाची सावली होऊन चालणारी हार्मोनियम किंवा सारंगी गायनात घुसते. अभ्यासासाठी ऐकायला उपयोगी. प्रकाशित करायला वापरण्यापूर्वी प्रश्न १९ पाहा.

१९. बंदिश पारंपरिक आहे. मग जुन्या तबकडीतला तुकडा वापरला तर चालेल?

बंदिश पारंपरिक असली तरी मुद्रणाचा हक्क वेगळा असतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९६० साली प्रकाशित तबकडीची मुदत २०२० अखेर संपली, १९७५ च्या तबकडीची संपलेली नाही. शब्द आणि चाल नव्या रचनाकाराची असेल तर त्यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतरच्या ६० वर्षांपर्यंत स्वतंत्र चालतो. पारंपरिक बंदिश स्वतः गाऊन मुद्रित करायला कोणाची परवानगी लागत नाही.

२०. गुरुजी पुण्यात, मी न्यू जर्सीत. एकत्र गाता येईल असं सॉफ्टवेअर आहे का?

आलटून-पालटून, हो. एकाच वेळी, नाही, आणि यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. काचतंतूतून संकेत सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते न्यू जर्सी सरळ अंतरच साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे एका बाजूने निदान ६० मिलिसेकंद, प्रत्यक्षात बरेच जास्त. एकत्र लयीत राहायला साधारण २५ ते ३० च्या आत लागतं. पुणे-ठाणे अंतरावर वायरचं इंटरनेट असेल तर जॅम्युलस किंवा सोनोबसवर हे जमतं.

शिकवणीसाठी तानपुरा दोघांनी आपापल्याकडे, एकाच सा वर लावावा. बैठकीच्या सॉफ्टवेअरमधलं नॉइज सप्रेशन बंद करून ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, नाहीतर लांब ठहरावाला ते पंखा समजून गिळतं.

२१. अपलोड करताना आवाज किती मोठा ठेवू?

स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्स (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) या पातळीला आणून ऐकवतं. त्याच्या आसपास राहा, शिखर उणे १ डेसिबलच्या खाली. ख्यालासाठी उणे १८ असलं तरी हरकत नाही. आलाप दाबून तानेएवढा मोठा केला तर चढण उरत नाही.

२२. पाच वर्षांपूर्वीचा प्रकल्प उघडतच नाही. काही वाचेल का?

प्रकल्पाच्या फोल्डरमधल्या मूळ वेव्ह फाइल शोधा, त्या बहुतेक शाबूत असतात. प्लगइन बंद पडल्याने गेलेलं मिश्रण परत मिळत नाही. इथून पुढे काम संपलं की प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत एकाच लांबीच्या २४ बिट वेव्हमध्ये काढा, एकदा इफेक्टसह आणि एकदा कोरा. सोबत साध्या मजकुराच्या फाइलमध्ये सा ची कंपनसंख्या, राग, ताल, टेम्पो आणि प्रश्न ७ मधली स्काला फाइल ठेवा. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरात असू द्या.